पुणे–आंबोली–सावंतवाडी भर पावसात, आणि काचेवरचं ते कोटिंग

कागल ओलांडलं तेव्हा पाऊस चांगलाच लागला होता. गाडी ऐंशीच्या आसपास होती. मी वायपर बंद केला, तशी शेजारी बसलेली आई दचकली. "अगं, बंद काय करतेस?" मग तिचं तिलाच दिसलं. थेंब काचेवर पडत होते, एकमेकांत मिसळून टपोरे होत होते आणि वाऱ्याने वर सरकत छताकडे पळत होते. समोरचा रस्ता लख्ख. "हे बरं आहे की!" असं म्हणून तिने पर्समधून आलेपाकाची वडी काढली. (वायपर तिला दाखवण्यापुरताच बंद केला होता. तुम्ही करू नका.)

जुलैत पुण्याहून सावंतवाडीला मामाकडे जायचं होतं. निपाणी–उत्तूर–आजरा करत आंबोली उतरायची, म्हणजे निम्म्याहून जास्त रस्ता हायवे आणि शेवटी घाट. मागच्या वर्षी याच रस्त्यावर अंधारात, समोरून येणाऱ्यांच्या एलईडी दिव्यांत मला काहीही दिसेनासं झालं होतं. म्हणून या वेळी काचेला पाणी न धरणारं कोटिंग लावून निघाले.

त्या लख्ख काचेचं निम्मं श्रेय आदल्या संध्याकाळच्या घासण्याला द्यायला हवं. आमच्या सोसायटीत गाड्या बोअरच्या पाण्याने धुतात. दोन वर्षांत काचेवर क्षारांचे पांढरट ठिपके बसले होते आणि त्यावर डिझेलच्या धुराचा तेलकट थर. आधी शाम्पूने धुतलं, मग पाणी घातलेल्या व्हिनेगरने ठिपके पुसले, मग क्ले बार फिरवला. हा बार म्हणजे मळलेल्या कणकेसारखा गोळा असतो. काच शाम्पूच्या पाण्याने ओली ठेवून तो हलक्या हाताने फिरवायचा. सुरुवातीला हाताला खरखर लागते, मग हळूहळू गोळा सुळकन फिरायला लागतो. शेवटी काचेवर तांब्याभर पाणी ओतून बघायचं. स्वच्छ काचेवर पाणी सलग पसरतं. कुठे तुटून थेंब झालेच तर तिथे अजून मेण किंवा तेल आहे, पुन्हा घासा. हे टाळून थेट बाटली उघडणाऱ्यांचेच "आठ दिवसांत गेलं हो" असे फोन येतात, असं मला आमच्या ॲक्सेसरीजवाल्याने सांगितलं. माझा त्यावर विश्वास आहे, कारण हे रसायन काचेलाच धरून बसतं. मध्ये तेल असेल तर ते धरणार कशाला?

लावणं सोपं आहे. सावलीत, काच कोरडी आणि थंड असताना, फडक्यावर थोडं घेऊन गोल गोल फिरवत, मग आडवं-उभं. पाच-दहा मिनिटांत धुरकट पापुद्रा धरतो. तो ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसायचा. पुन्हा एकदा तेच. बाटलीत बहुतेक अल्कोहोल असतं, त्यामुळे दारं-खिडक्या बंद केलेल्या गॅरेजमध्ये बसून लावू नका आणि आसपास कुणी सिगरेट ओढत नाही ना ते बघा. पुढच्या दोन्ही बाजूंच्या काचांनाही लावा. आरसे बघताना मध्ये येणारी काच तीच असते. मी डावीकडची काच कंटाळा करून सोडली, त्याचं पुढे येईल.

मी चूक केली ती दुसऱ्या हाताला. अंधार पडला, डास चावायला लागले आणि पापुद्रा नीट न पुसताच वर आले. सकाळी खंबाटकी चढताना बारीक भुरभुर सुरू झाली, वायपर लावला, तर थडथड, थडथड! रबर सरकायच्या ऐवजी उड्या मारत होतं आणि मागे पट्टे सोडत होतं. घाट उतरून एका पंपावर थांबले, ओल्या फडक्याने काच जोर लावून पुसली, दोन्ही रबरंही पुसली. फडकं काळं झालं आणि थडथड बरीच कमी झाली. उरलेली कोल्हापुरात ब्लेड बदलल्यावर गेली, कारण रबर मुळात दोन उन्हाळे खाऊन कडक झालेलं होतं. आषाढ चालू असताना तांबडा-पांढरा न ओरपता कोल्हापूर सोडणं आमच्याच्याने होत नाही, त्यामुळे ब्लेडसाठी वेगळा वेळ गेला नाही. तुम्ही मात्र ब्लेड निघण्याआधीच बदला. जुन्या रबराचे दोष साध्या काचेवर झाकले जातात, कोटिंगवर सगळे बाहेर येतात.

सातारा ते निपाणी हा टप्पा या कोटिंगसाठीच केला असावा असं वाटतं. साधारण साठच्या पुढे थेंब पळायला लागतात. धोकाही तिथेच आहे. थेंब पळताना बघून पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो, आणि काच स्वच्छ दिसते म्हणून रस्त्यावर साचलेलं पाणी काही कमी झालेलं नसतं. आणखी एक : ट्रकच्या चाकांमागून उडणाऱ्या चिखलाच्या फवाऱ्यापुढे हे कोटिंग काही करत नाही. तिथे वॉशरचं पाणीच लागतं. टाकी भरून निघा आणि त्यात कपड्यांची पावडर टाकू नका. कोटिंगही उतरतं आणि नोझलही तुंबतात.

निपाणी सोडून आत वळलं की वेग चाळिशीवर येतो आणि जादू संपते. आपल्याला वाटतं काच अळवाच्या पानासारखी झाली. तशी ती होत नाही. अळवाच्या पानावर मेण तर असतंच, शिवाय डोळ्यांना न दिसणारा खडबडीतपणा असतो, म्हणून पान जरासं कललं तरी थेंब घरंगळतो. गुळगुळीत काचेवर थेंब गोल उभा राहतो, पण पाय रोवून. त्याला हलवायला तो मोठा तरी हवा, नाहीतर वारा जोराचा हवा. आंबोलीत दोन्ही नव्हतं. आजऱ्याच्या पुढे धुकं उतरलं, वेग वीस-पंचवीस, आणि काचेवर मोहरीच्या दाण्याहून बारीक हजारो थेंब. समोरून एसटीचे दिवे आले की प्रत्येक थेंब एकेक दिवा होऊन पेटायचा. अशा वेळी साध्या काचेवरचा पाण्याचा सलग थर परवडला. वायपर सतत चालू ठेवणं एवढाच इलाज होता.

त्यात काच धुरकटली. इथे बरेच जण गडबडतात, म्हणून सांगते. आधी वायपर एकदा फिरवून बघा. धुरकटपणा गेला तर तो बाहेरून आहे : एसीने काच फार गार केली आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर जमली. तापमान दोन-तीन अंशांनी वाढवा. वायपरने गेला नाही तर आतून आहे : एसी चालूच ठेवा, झोत काचेवर घ्या आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. माझ्या बाबतीत दोन्ही आलटून पालटून झालं. वायपर आपोआप सुरू होणारी गाडी असेल तर घाटात तो हाताने चालवा. आरशामागचा सेन्सर कोटिंगमुळे कधी कधी चुकतो. आणि आंबोली शनिवार-रविवारी टाळा. धबधब्यापाशी गाड्या अडकल्या की उजेडात घाट उतरायचा बेत तिथेच संपतो.

मामाची सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. आम्ही अंगणात गाडी लावली तेव्हा त्याने काचेवरचे गोल थेंब बघितले. "पाणी पळता तर खरा गो बाय, पन घाटात काय करतलस?" नेमकं दुखणं! परतताना तो आंबोलीपर्यंत सोबत आला. दाणोली मागे पडल्यावर पाऊस धरला, तसं त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली, चंचीतून चिमूटभर तंबाखू तळहातावर काढली, पावसातच हात धरून ओली केली आणि कोटिंग नसलेल्या त्या डाव्या काचेवर बाहेरून रगडली. पिवळसर ओघळ आले, धुऊन गेले, आणि मग त्या काचेवर थेंब धरेचना. पाणी पातळ पापुद्र्यासारखं पसरून खाली वाहत होतं आणि पलीकडचा आरसा स्वच्छ दिसत होता, गाडी वीसच्या वेगात असताना. वायपर बंद पडलेल्या गाड्या त्याने अशाच डेपोपर्यंत आणलेल्या. माझं कोटिंग पाण्याला हाकलत होतं, त्याची तंबाखू पाण्याला पसरवत होती, आणि पसरवायला वेग लागत नाही. अर्थात दोन-तीन वळणांतच ती धुऊन गेली आणि मामाने पुन्हा चंची काढली. आई नाक दाबून बसली होती.

पुण्यात पोचल्यावर काचेवर पाणी मारून बघितलं. साधारण आठशे किलोमीटर झाले होते. वायपरच्या दोन कमानी जिथे फिरतात तिथे थेंब बसके झाले होते, कोपऱ्यांत मात्र अजून मोत्यासारखे टपोरे. म्हणजे झिजवतं ते रबर. पावसाळाभर हवं असेल तर निदान कमानींपुरता एक हात महिन्या-दीड महिन्याने द्यावा लागेल.

त्यासाठीची उरलेली बाटली मात्र मामाकडेच राहिली. न्हाणीघरातल्या आरशावर वाफ धरते, त्याला लावून बघणार म्हणाला. वाफेवर हे चालत नाही, उलट बारीक थेंब धरून आरसा आणखी धुरकट दिसेल, असं मी फोनवर दोनदा सांगितलं. काल त्याचा निरोप आला : आरशाचा काय झाला नाय, पन स्कूटरच्या काचेक बरा आसा.