‘डॉक्टरसाहेब, तुम्ही अशी किती केलीत?’

गेल्या श्रावणातल्या एका सोमवारी, ओपीडी संपत आलेली असताना, सोलापूरच्या पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार मुलाला आणि पत्नीला घेऊन माझ्यासमोर बसले. कामगाराचे डोळे हळदीसारखे पिवळे, मनगटापासून कोपरापर्यंत खाजवून उठलेले नखांचे ओरखडे आणि गळ्यात काविळीची माळ. पोटात दुखत नव्हते, म्हणून घरच्यांनी महिनाभर पथ्यावर काढला होता. खरे तर न दुखता वाढत जाणारी कावीळच आम्हा सर्जनना अधिक घाबरवते. सीटी स्कॅनमध्ये पित्तनलिका आतड्यात उघडते नेमक्या त्या जागी गाठ दिसली. ती पसरलेली नव्हती, म्हणजे शस्त्रक्रियेने निघण्यासारखी होती.

या शस्त्रक्रियेला व्हिपल यांचे नाव आहे. या अमेरिकन सर्जननी १९३५ साली ती मांडली. स्वादुपिंडाचे डोके, आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि पित्तनलिकेचे खालचे टोक काढून उरलेले सगळे पुन्हा आतड्याला जोडायचे असते. निरोगी स्वादुपिंड लोण्यासारखे मऊ असते, टाका जरा ओढला तरी चिरते, आणि तो सांधा गळू लागला की आतला पाचक रस शेजारच्या रक्तवाहिन्या खाऊ लागतो.

‘इथंच करा साहेब, मुंबईला कुठं राहायचं?’ वडील म्हणाले. त्यावर मुलाने शांतपणे विचारले, ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही अशी किती केलीत?’

‘तीन,’ मी म्हणालो, ‘आणि त्यातला एक पेशंट नवव्या दिवशी गेला.’

त्या पेशंटची शस्त्रक्रिया नीट झाली होती. रक्तस्राव सुरू झाला तो मध्यरात्री, आणि रक्तवाहिनीत नळी घालून तो आतूनच बंद करू शकणारा रेडिओलॉजिस्ट आमच्याकडे नव्हता. ती रात्र मी विसरलेलो नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया अगदी कमी होणाऱ्या रुग्णालयांत १६.३ टक्के रुग्ण दगावले होते, तर सर्वाधिक होणाऱ्या रुग्णालयांत ३.८ टक्के. पुढे २००९ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की गुंतागुंत चांगल्या आणि वाईट रुग्णालयांत जवळपास सारखीच होते. फरक पडतो तो गुंतागुंत झालेला रुग्ण वाचवता येतो की नाही, यात.

म्हणून मी मुलाला सांगितले की इमारत आणि जाहिरात पाहू नकोस. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात आणि रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला तर तो कोण थांबवणार, एवढे विचार. त्याने खिशातल्या टॉवेलच्या डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर दोन्ही प्रश्न लिहून घेतले. प्रत्येक कॅन्सरसाठी सोलापूर सोडायला हवे असे मी मुळीच म्हणत नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या अनेक शस्त्रक्रिया इथे उत्तम होतात, आणि घराजवळ राहिल्याने पुढचे उपचार अर्धवट सुटत नाहीत, हेही मोठेच. स्वादुपिंडाचे मात्र तसे नाही.

विड्या वळून बोटांना घट्टे पडलेल्या त्या माउलींनी इतका वेळ एक शब्दही उच्चारला नव्हता. आता त्यांनी रेशनकार्ड टेबलावर ठेवले आणि योजनेत बसेल का, एवढेच विचारले. जन आरोग्य योजना कुठे लागू आहे, हे आमच्याकडे योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्रांनी त्याच संध्याकाळी पाहिले. मुलाने तीन रुग्णालयांना फोन केले. दोघांनी आकडा सांगायचे टाळले. मुंबईतल्या तिसऱ्याने दोन्ही प्रश्नांची सरळ उत्तरे दिली. तिथल्या सर्जनशी मी स्वतः बोललो. तारीख मिळायला काही आठवडे लागणार होते आणि रक्तातले बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे पिवळे द्रव्य, फारच चढले होते, त्यामुळे त्यांच्या सल्ल्याने आम्ही सोलापुरातच एन्डोस्कोपीने पित्तनलिकेत पित्ताला वाट करून देणारा स्टेंट बसवून घेतला. मग एका रात्री तिघे सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघाले.

मुंबईत शस्त्रक्रिया झाली. सांधा त्यांचाही गळला. पण तिथल्या लोकांनी तो दुसऱ्याच दिवशी ओळखला आणि गळणारा रस बाहेर काढणारी पोटातली नळी तशीच ठेवून त्यांना सावकाश सावरले. नळीसकट ते घरी परतले, आणि पाणी यायचे थांबल्यावर, मुंबईच्या सर्जनना फोनवर विचारून, ती मी माझ्याच ओपीडीत काढली.