गाडीचा नंबर ठाऊक असताना

मार्च २००१ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, ताशी ५५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावरून ७३ मैलांच्या वेगाने जाणारा १९ वर्षांचा तरुण पोलिसांनी इशारा देऊनही थांबला नाही; सुमारे दहा मैलांच्या पाठलागानंतर पोलिसाने मागून धडक दिल्याने त्याची गाडी उलटली आणि त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ८ विरुद्ध १ मतांनी ही कृती वाजवी ठरवली. पाठलाग सोडल्यास पळणाऱ्यांचे फावेल, हा बहुमताचा युक्तिवाद मला समजतो. रस्त्यावरील निरपराधांना त्या तरुणानेच धोक्यात लोटले, हेही खरे. तरीही न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे भिन्नमत मला अधिक पटते, कारण गाडीचा नंबर पोलिसांना ठाऊक होता आणि त्यावरून त्याला नंतरही पकडता आले असते.