गोष्ट आधी गोष्ट म्हणून वाचू द्या: सहावी ते आठवीच्या इंग्रजीविषयी

जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकापुढे दोन कामे एकाच वेळी उभी असतात. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांना इंग्रजी अक्षरे जुळवून नवा शब्द वाचता येत नाही, त्यामुळे वाचन-लेखनाचा पाया पक्का करायचा असतो. आणि पाठ्यपुस्तकात मात्र कविता, गोष्टी, चरित्रातले उतारे आलेले असतात, ज्यांच्याकडे साहित्य म्हणून पाहायला शिकवायचे असते. आमच्या गंगाखेड परिसरात, आणि माझ्या माहितीप्रमाणे मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी, यावर एकच तोडगा रूढ झाला आहे. शिक्षक एक ओळ वाचतात, तिचा मराठी अर्थ सांगतात, मुले तो पेन्सिलीने ओळीच्या वर लिहून घेतात आणि धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे गाईडमधून फळ्यावर उतरतात. या पद्धतीत वाचनही शिकवले जात नाही आणि साहित्यही. जी गोष्ट वर्गात घ्यायची ती आधी गोष्ट म्हणून मुलांपर्यंत पोहोचावी आणि वाचनाची कौशल्ये त्याच मजकुरातून शिकवावीत, ही भूमिका मी येथे मांडणार आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे सहावीत आलेल्या मुलाच्या गाठीशी पाच वर्षांचे इंग्रजी असायला हवे. प्रत्यक्षात त्याला अक्षरांची नावे येतात, ठरावीक शब्द नुसत्या आकारावरून ओळखता येतात आणि अनोळखी शब्द आला की तो थांबतो. यात मुलाच्या बुद्धीचा दोष नाही. देवनागरीत अक्षर दिसले की त्याचा ध्वनी बहुतेक ठरलेला असतो. इंग्रजीत मात्र २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा भार आहे, आणि ई-ए ही एकच जोडी ‘ब्रेड’, ‘हेड’मध्ये एक ध्वनी देते तर ‘ईट’, ‘टी’मध्ये दुसरा. हे कुणी उलगडून सांगितलेच नाही, तर मूल स्वतःचा मार्ग काढते. कुणाही सातवीच्या मुलाचे इंग्रजीचे पुस्तक उघडून पाहा: प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात त्याचा देवनागरी उच्चार लिहिलेला आढळेल. ते मूल खडाखडा वाचून दाखवते आणि आपण समाधान मानतो, पण त्याची नजर इंग्रजी अक्षरांवर पडलेलीच नसते.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाविषयी एक साधे सूत्र मांडले. वाचून समजणे म्हणजे अक्षरांचे ध्वनीत रूपांतर करण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार होय. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. आमच्या वर्गांना हे सूत्र लावून पाहिले की एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. पहिली बाजू आमच्या मुलांची कच्ची आहे, दुसऱ्या बाजूतली इंग्रजी शब्दसंपत्तीही तोकडी आहे. पण मजकुरामागचा अर्थ ओळखण्याची, न सांगितलेले समजून घेण्याची ताकद त्यांच्याकडे भरपूर आहे आणि ती मराठीतून आलेली आहे. पैठणच्या एकनाथांच्या भारुडातला विंचू काम-क्रोधाचा आहे, हे सप्ताहात बसलेल्या दहा वर्षांच्या पोराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जनाबाईंच्या गंगाखेडात वाढलेल्या मुलींनी दळता-कांडता देवाशी बोलणाऱ्या बाईचे अभंग लहानपणापासून ऐकलेले असतात. कवितेत बोलणारे माणूस कोण आणि ते कुणाशी बोलते आहे, हा प्रश्न त्यांना परका नाही. ही तयार शिदोरी इंग्रजीच्या तासाला वर्गाबाहेर ठेवायची आणि मुलांना कोरी पाटी समजून सुरुवात करायची, हे मला पटत नाही.

एक उदाहरण थोडे सविस्तर सांगतो. सातवीसाठी मी पाच-सहा ओळींचा एक प्रसंग सोप्या इंग्रजीत लिहिला होता. घरात एकच भाकरी उरली आहे, आजोबा आणि नात दोघेच आहेत. आजोबा म्हणतात, ‘आय अ‍ॅम नॉट हंग्री.’ पुढची ओळ अशी: ‘ही लुक्ड अ‍ॅट द ब्रेड अँड लुक्ड अवे.’ पुस्तके मिटलेली असताना मी तो प्रसंग आवाजातल्या चढउतारांसह दोनदा वाचला, अडणाऱ्या दोन-तीन शब्दांचा अर्थ आधीच सांगून ठेवला आणि आजोबांना भूक आहे की नाही, एवढेच विचारले. क्षणभर शांतता पसरली. मग मागच्या रांगेतली, एरवी इंग्रजीच्या तासाला मान वर न करणारी एक मुलगी म्हणाली, ‘सर, आज्याला भूक लागलीय, पण पोरीला मिळावं म्हणून खोटं बोलायलाय.’ हे कशावरून, असे विचारल्यावर तिने नजर वळवण्याची ओळ सांगितली. ती ओळ मजकुरात कुठे आहे हे बोटाने दाखवायला मी सांगितले, तेव्हा सगळा वर्ग कागदावर वाकून ती शोधू लागला.

साहित्याचे शिक्षण आणि वाचनाचे शिक्षण एकमेकांना भिडतात ते येथे. ओळ शोधण्याची गरज गोष्टीने निर्माण केली होती, त्यामुळे अक्षरांकडे पाहण्यालाही कारण मिळाले. त्यानंतरची दहा मिनिटे ‘लुक’, ‘बुक’, ‘टुक’ आणि ‘ब्रेड’, ‘हेड’ अशा शब्दकुळांची फोड फळ्यावर करण्यात गेली. मग मुलांनी जोडीजोडीने तोच मजकूर एकमेकांना वाचून दाखवला. एकाने उभे राहून वाचायचे आणि बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत बसून राहायचे, या प्रकारात वेळ फार वाया जातो. शेवटी ‘आय थिंक’ने सुरू होणारे आणि ‘बिकॉज’ने कारण देणारे एकच वाक्य प्रत्येकाने वहीत लिहिले. स्पेलिंग चुकले, क्रियापदाचा ‘एस’ राहून गेला, तरी त्या वाक्यात मुलाचे स्वतःचे मत होते आणि त्याला मजकुराचा आधार होता. गाईडमधून उतरवलेल्या दहा निर्दोष उत्तरांपेक्षा असे एक वाक्य मी अधिक मोलाचे मानतो.

चर्चा मराठीत झाली तर इंग्रजी कशी येणार, हा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. विचार मराठीत, पुरावा इंग्रजी मजकुरातला आणि लेखन इंग्रजीत, अशी विभागणी केली की मराठीचा अडसर होत नाही. अडसर होतो तो ओळीमागून ओळ भाषांतर करण्याचा, कारण मग इंग्रजी ओळ वाचण्याची गरजच उरत नाही. अ‍ॅनमारी पॅलिंक्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ साली मांडलेल्या पद्धतीत मुले पुढे काय होईल याचा अंदाज बांधतात, प्रश्न विचारतात, न कळलेले स्पष्ट करून घेतात आणि सारांश सांगतात. आठवीत ही चारही कामे गटातल्या चौघांना वाटून देता येतात. सुरुवातीला बोलणे मराठीत होते आणि पुढे प्रश्न तेवढे इंग्रजीत येऊ लागतात.

कवितेची स्थिती गोष्टीपेक्षाही वाईट आहे. दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न असतो: शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. त्या प्रश्नाच्या धास्तीने सहावीपासूनच कविता या पाच रकान्यांत बसवली जाते. मुले ती मोठ्याने, ठेक्यात, एका सुरात म्हणतच नाहीत. ओव्या, गौळणी आणि पोवाडे कानावर पडत वाढलेल्या या प्रदेशात तर हे होऊच नये. आधी पाठांतर, मग ताल कुठे मोडतो आणि का मोडतो याची चर्चा, आणि यमकाचे नाव सर्वांत शेवटी, असा क्रम मी ठेवतो.

आमच्याकडची एक अडचण मात्र पद्धतीच्या पलीकडची आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांबरोबर काही मुले पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावरच परततात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मागे थांबतात, सगळी नाही. परतलेल्या मुलाला मधले चार धडे गाठायला सांगणे निरर्थक असते. म्हणून दुसऱ्या सत्रात मी एकेका तासिकेत पूर्ण होणारे छोटे मजकूर घेतो, म्हणजे कोणत्याही दिवशी आलेल्या मुलाला आत शिरता येते. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीव्हीव्हर या संकेतस्थळाचा यासाठी फार उपयोग होतो. तेथे चार स्तरांतली पुस्तके विनामूल्य मिळतात आणि अनेक गोष्टी मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत आहेत; परतलेल्या मुलाने ती गोष्ट आधी मराठीत वाचली की इंग्रजी वाचताना त्याचे सगळे लक्ष अक्षरांकडे देता येते. शाळेच्या कपाटातली पुस्तके हरवतील या भीतीने कुलपात ठेवू नयेत, ती मुलांच्या दप्तरात घरी जाऊ द्यावीत, हे मी प्रत्येक बैठकीत सांगत आलो आहे.

परीक्षेचे काय, तर आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातच शिक्षक करतो त्या मूल्यमापनात, त्याला बरीच मोकळीक आहे आणि ती वापरायला हवी. मी त्यात न शिकवलेला साठ-सत्तर शब्दांचा इंग्रजी मजकूर देतो. त्यावर तीन प्रश्न असतात: एकाचे उत्तर ओळीत सरळ सापडते, दुसऱ्याचे दोन ओळी जोडून काढावे लागते आणि तिसऱ्यात पात्राविषयी स्वतःचे मत द्यायचे असते. तिसऱ्या उत्तराचे निम्मे गुण मुलाने कोणत्या ओळीखाली रेघ ओढली आहे, यावर असतात.