बारीक बाबांची शुगर आणि रास्ता पेठेतलं उत्तर

आमचे बाबा म्हणजे काडीपैलवान. लग्नातला कोट त्यांना साठीतही खांद्यात अगदी बरोबर बसायचा, फक्त पोटावरचं बटण काही लागायचं नाही. त्या बटणाकडे कुणी लक्ष दिलं नाही. "तुमचं बरंय, कितीही खा, अंगाला लागतच नाही," असं प्रत्येक कार्यात कुणीतरी म्हणायचंच. त्यामुळे तपासणीत शुगर निघाली तेव्हा घरात कुणाला पटेना. लॅबचंच काहीतरी चुकलं असणार म्हणून दुसरीकडे रक्त दिलं, तर तिथेही तेच. मग कारणं शोधणं सुरू झालं. टेन्शन, जागरणं, आजोबांकडून आलेला वारसा. ताटाकडे मात्र कुणी बोट दाखवलं नाही. बारीक माणसाच्या जेवणाला कोण नावं ठेवणार?

ताट तर अगदी साधं, सात्त्विक. सकाळी पोहे, दुपारी पोळ्या, बटाट्याची भाजी, भाताचा डोंगर आणि त्यावर वरण. ते इतकं पातळ की डाळ शोधावी लागायची. चार वाजता चहा-खारी. तेलकट नाही, बाहेरचं नाही. मग बिघडलं कुठे? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, आणि त्याच्या मागे मागे मी आहारशास्त्र शिकायला इंग्लंडात येऊन पोचले.

इथे एका तासाला पडद्यावर दोन डॉक्टरांचा फोटो आला. शेजारी शेजारी उभे, दोघेही सडपातळ. एक लंडनचे जॉन युडकिन आणि दुसरे आपल्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला हा फोटो. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वर्गातली बाकीची मुलं हसली. मला मात्र कोटाचं ते बटण दिसायला लागलं.

याज्ञिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंनी कमी, पोटाच्या घेरानेही लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. म्हणजे वरून बारीक, आतून जाड, आणि तेही जन्मापासूनच. बारीक माणसालाही शुगर गाठते ती या लपलेल्या चरबीमुळे. रास्ता पेठेतून मी कितीदा रिक्षाने गेले असेन, पण उत्तर कळलं ते सातासमुद्रापार. म्हणून तर इथे आपल्यासारख्यांसाठी वजनाची धोक्याची रेषा २५ च्या बीएमआयवर नाही, २३ वरच आखतात.

शिकता शिकता आजीचंही प्रकरण उलगडलं. आजीच्या पायांना सतत मुंग्या यायच्या आणि सगळे म्हणायचे, वय झालं. निघालं बी-१२. हे जीवनसत्त्व वनस्पतींत जवळपास नसतंच. शाकाहारी घरात ते येतं दूध-दह्यातून, आणि आजी दूध घ्यायची ती चहापुरतं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर ती पुन्हा जिना चढायला लागली. शुगरवरच्या मेटफॉर्मिनने बी-१२ आणखी कमी होऊ शकतं, म्हणून बाबांचंही आता तपासतो. इथे मार्माइट नावाचा काळा, खारट लेप ब्रेडला लावून खातात, त्यात बी-१२ घातलेलं असतं. एक बाटली घरी नेली होती. आईने बोटाने चाटून विचारलं, "हे पोटात घ्यायचं की गुडघ्याला लावायचं?"

आता मी लेस्टरमध्ये डाएटिशियन आहे. (नोंदणीशिवाय इथे स्वतःला डाएटिशियन म्हणवणं हा गुन्हा आहे. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर आहारसल्ले वाटणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) आपल्याकडच्या काकू येतात आणि खुर्चीत बसता बसताच सांगतात, "मी काही खातच नाही गं." हळूहळू कळतं, सोमवार, गुरुवार, चतुर्थी. एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात बटाटा. त्यांच्या हातात आधीच उकडलेला बटाटा आणि ब्राउन ब्रेडचं चित्र असलेलं पत्रक दिलेलं असतं. ते त्या घडी घालून पर्समध्ये ठेवतात आणि विसरतात. मी उपवास सोडा म्हणत नाही. भगर थोडी, दाण्याची आमटी वाटीभर, काकडीची कोशिंबीर, ताक. हे त्यांना लगेच पटतं, कारण देवाचीही हरकत नसते. ज्वारीचं पीठ बेलग्रेव्ह रोडवर मिळतं. भाकरी थापायचा कंटाळा, हे मात्र माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं.

बाबांशी व्हिडिओ कॉलवर वाटाघाटी चालूच असतात. वरण घट्ट झालंय, भाताचा डोंगर टेकडीवर आलाय, मटकीची उसळ रोजची झाली आहे. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरचा आकडा, ७.४ आला तेव्हा मी सवयीने "सत्तावन्न" म्हणाले आणि ते दचकलेच. इथे तोच आकडा वेगळ्या मापात सांगतात. तळजाईला फिरून आल्यावर मित्रांबरोबरची मिसळ मात्र वाटाघाटीच्या बाहेर आहे, असं त्यांनी कळवलंय. रविवारपुरती मीही मान्य केली, पाव एकच या अटीवर.

सध्या मोर्चा बहिणीकडे वळलाय, तिला पुढच्या वर्षी बाळ हवंय. म्हटलं, नुसत्या फॉलिकच्या गोळ्यांवर थांबू नकोस, आत्ताच डॉक्टरांना विचारून बी-१२ तपासून घे. आईने मधेच फोन घेतला. "तपासा काय ते. पण अळिवाचे लाडू मीच करणार, आणि त्यात गूळ किती घालायचा हे तू लेस्टरहून सांगायचं नाहीस."