तात्या लढाईत काय करायचे?

“तुमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते ना? मग किती जर्मन मारले त्यांनी?” भिंतीवरचा वर्दीतला फोटो पाहिला की पाहुणे हे विचारतातच. माझं उत्तर ठरलेलं आहे: माझ्या माहितीत एकही नाही. तात्या सुतार होते. इटलीत त्यांनी पूल बांधले, पुलांच्या फळ्या बदलल्या आणि सुरुंग काढले. एवढं ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. म्हणून एकदा नीट सांगतो.

१९४२ साली ते खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या पलटणीत, भरती झाले. देशासाठी का राणीच्या राज्यासाठी, असला विचार त्यात नव्हता (राणी जाऊन चाळीस वर्षं झाली होती, पण आमच्याकडे राज्य राणीचंच म्हणत). गावात वर्षभर नांगर-कुळव दुरुस्त करायचे आणि सुगीला खळ्यावर बलुत्यासाठी उभं राहायचं, पाटलाच्या मनाला येईल तेवढं घ्यायचं. खडकीला दर महिन्याला रोख पगार मिळायचा आणि ट्रेड टेस्ट, म्हणजे हातातल्या कामाची परीक्षा, पास झालं की वर भत्ता. सॅपर्सना सुतार, लोहार, गवंडी हवेच असत. त्या युद्धात सक्तीची भरती नसताना हिंदुस्थानातून २५ लाखांच्या आसपास माणसं फौजेत होती. त्यातली कितीतरी अशीच, हातातलं काम घेऊन गेलेली.

इटलीतलं युद्ध म्हणजे नद्यांचं युद्ध. सांग्रो, मोरो, गारी, सेनिओ. माघार घेताना जर्मन फौज मागचा प्रत्येक पूल उडवून जायची. नोव्हेंबर १९४३ मध्ये सांग्रोला पूर आला आणि सैन्याने टाकलेले पूलही वाहून गेले. मग पुन्हा टाका. हे पूल बेली ब्रिज नावाचे, लोखंडी. एकेक पॅनेल दहा फूट लांब, वजन २६० किलोच्या आसपास, उचलायला सहा माणसं. खुंट्या ठोकून पॅनेल जोडायची आणि फिरत्या रोलरांवरून सगळा सांगाडा पलीकडच्या काठावर ढकलत न्यायचा, तेही बहुतेक रात्रीच, दिवा न लावता. लोखंडी पुलावर सुताराचं काय काम? वरची सगळी वाट लाकडाची असते. रणगाड्यांचे पट्टे त्या फळ्या अक्षरशः चावून काढतात. तात्यांचं निम्मं युद्ध फुटलेली फळी काढून नवी बसवण्यात गेलं. मागे गाड्यांची रांग आणि ड्रायव्हर लोकांच्या शिव्या.

याच इटलीत १० जुलै १९४४ ला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे एकट्याने मशिनगनच्या मोर्चावर तुटून पडले आणि तिथेच गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळा आहे. असायलाच हवा. माझं म्हणणं एवढंच की पलटणींचं पाणी, दारूगोळा आणि परत येणारे जखमी कुणीतरी ठोकलेल्या फळ्यांवरूनच जात होते, आणि आपण विचारतो ते फक्त किती मारले.

पुलांपेक्षा तात्या सुरुंगांबद्दल जास्त बोलत. जर्मनांचा एक सुरुंग होता, शू-माइन. वीतभरही नसलेली लाकडी पेटी, आत २०० ग्रॅम टीएनटी हे स्फोटक, वर बिजागरीसारखं उघडमीट होणारं झाकण. झाकणावर पाय पडला की कडेची पिन निसटायची आणि पाऊल जायचं. पेटी लाकडाची, धातू अगदी नावाला, त्यामुळे डिटेक्टर कानाला लावून फिरलं तरी आवाज यायचा नाही. मग पोटावर झोपायचं आणि बायनेट तिरकं धरून जमीन टोचत पुढे सरकायचं. सरळ टोचलं तर संपलं. तात्या म्हणायचे, “टोक लागलं की हाताला कळतंय. दगड येगळा, मूळ येगळं, रंधलेली फळी येगळी.” यात थोडी फुशारकी असेलही. पण लहानपणी आम्ही त्यांची परीक्षा घ्यायचो. डोळे मिटून, नुसत्या पटाशीच्या टोकाने ते बाभूळ आणि साग ओळखायचे.

एकदा मात्र चुलत्यांनी विचारलं की जर्मनांचा राग नाही का आला. तात्या म्हणाले, “त्या पेट्या करणारा कोण? तिकडचा सुतारच की. एवढं बारीक काम, आन् कशाला!” आणि उठून गेले.

१९४६ ला परत आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती बलुतं बंद. गाडीचं चाक हवं? एवढे रुपये, काम झाल्यावर हातात. गावात बोलणी झाली, मिल्ट्रीत जाऊन सुतार शेफारला म्हणून. दोन घरांनी वाकस धरणारा दुसरा सुतार बाहेरून आणला. पण तात्यांच्या चाकाला आरे ढिले होत नसत, त्यामुळे हळूहळू सगळे आले, रोखीनेच. माझ्या मते त्यांनी जिंकलेली खरी लढाई ही. पुढे टायरच्या गाड्या आल्या आणि चाकांचा धंदा बसला तो बसलाच. मग दारं-खिडक्या.

बढाया ते मारत नसत, अपवाद एकच. १९४८ च्या एप्रिलमध्ये जम्मूकडच्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढत रणगाड्यांना वाट करून देणारे, परमवीर चक्र मिळालेले राम राघोबा राणे बॉम्बे सॅपर्सचे. त्यांचं नाव निघालं की तात्या ताठ बसायचे. “आमच्या खडकीचा.”

मागोमाग दुसरा प्रश्न येतो: “आमचेही पणजोबा होते म्हणतात, शोधायचं कुठे?” आधी घरातली ट्रंक उघडा. डिस्चार्जच्या, म्हणजे फौजेतून सुटल्याच्या, कागदावर नंबर, ट्रेड आणि युनिट असतं. नंबर हाती असेल तर त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, बॉम्बे सॅपर्सचं खडकीलाच आहे. युद्धात गेले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव शोधता येतं. सांग्रोजवळच्या स्मशानभूमीत अग्नी दिलेल्या ५०० हून जास्त भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. फक्त युद्धापुरती नोकरी केलेल्यांना पेन्शन नव्हती, पण राज्य सरकार अशा माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मानधन देतं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून. आमच्या आजीला ते मिळालं ते त्या डिस्चार्जच्या कागदावरच. म्हणून कागद सापडला की झेरॉक्स काढून ठेवा, आणि कुणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका. जुना कागद त्यात खराब होतो.