चार बाण सुटेनात

मे महिन्यातल्या एका दुपारी देवासहून एक मुलगी आणि तिचे मामा माझ्याकडे आले. इंदूरच्या रामबागेत माझी एक खोली आहे, धनुष्यबाणांची दुरुस्ती मी तिथेच करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची निवड चाचणी होती. मामांनी बसायच्या आधीच सांगितलं, "भिया, बाण जरा कापून द्या. उजवीकडे जातायत."

कापलेला कार्बन काही परत वाढत नाही, म्हणून आधी सगळं सामान टेबलावर मांडायला लावलं. रिकर्व्ह धनुष्याचे लिंब्ज, म्हणजे वाकणाऱ्या दोन पात्या, तिने नुकतेच बदलले होते, ओढायला चार पाउंडांनी जड. शाफ्ट, म्हणजे बाणाच्या कार्बनच्या नळ्या, मात्र जुनेच, ७०० स्पाइनचे. म्हणजे २८ इंचांच्या दोन आधारांवर ठेवून मधोमध ८८० ग्रॅम टांगले की ०.७ इंच वाकणारे. धनुष्याचा जोर वाढला की तोच शाफ्ट सुटताना जास्त वाकतो. मग उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण (जुळणी तपासायला सोडतात तो) पिसांच्या बाणांच्या उजवीकडे जाऊन बसतो. तिचं अगदी तेच होत होतं. प्लंजरची, म्हणजे बाण बाजूने टेकतो त्या बटणाची, स्प्रिंग तिने आधीच जवळपास पूर्ण आवळली होती, तिथे करण्यासारखं फारसं नव्हतं.

राहिला पॉइंट, बाणाचं धातूचं टोक. तिचे १२० ग्रेनचे होते, देठाला खाचा असलेले. एका खाचेवर पक्कडीने तुकडा मोडला की दहा ग्रेन कमी, म्हणजे ०.६५ ग्रॅम. सराफ्यातला काटा एवढा फरक सहज दाखवतो आणि बाणालाही तो कळतो; पुढचं वजन उतरलं की शाफ्ट ताठ वागतो. पण त्यासाठी पॉइंट बाहेर तर यायला हवा!

आठ बाणांत हॉट मेल्ट होता, तापवला की मऊ पडणारा गोंद. उरलेल्या चारांच्या तोंडाशी काहीतरी पिवळट, कडक. मामा अभिमानाने म्हणाले, "निशाणाच्या फोमच्या बटातून बाण उपसताना पॉइंट आतच राहिले होते. घरी दोन ट्यूबवाला इपॉक्सी होता, तोच भरला. आता हलणार नाहीत."

हे आमच्याकडे फार चालतं. घट्ट फोममधून बाण ओढला की घासून पॉइंट तापतो, गोंद मऊ पडतो. त्यात शाफ्ट आतून स्पिरिटने पुसलेला नसला तर गोंदाला धरायला जागाच नसते. दोष पुसण्याचा, बदलतात गोंद.

केटल घेऊन मैदानावर गेलो, चौकीदाराच्या खोलीत प्लग मिळाला. उकळत्या पाण्यात फक्त पॉइंट बुडवायचा, थोडं थांबायचं आणि पक्कडीने सरळ ओढायचा. आधी एक बिनपिसांचा आणि तीन पिसांचे, एवढेच काढले. दहा ग्रेन मोडले. परत बसवताना छोटी ज्योत देठाला दाखवली, शाफ्टला अजिबात नाही. गोंद लावला, फिरवत आत सारला, गार पाण्यात धरला. तीस मीटरवर बिनपिसांचा बाण अजून उजवीकडेच, पण पूर्वीपेक्षा जवळ. पुन्हा केटल, पुन्हा दहा ग्रेन. या वेळी तो पिसांच्या बाणांच्या घोळक्याच्या कडेला लागला. मुलगी पहिल्यांदा हसली.

मामांचं लक्ष त्या चार बाणांवर. त्यांतला एक केटलमध्ये बराच वेळ धरून झाला होता, ढिम्म हलला नाही. "थेट गॅसवर धरू या का?" मी बॅगेतून मोडक्या शाफ्टचा एक तुकडा काढला आणि लायटरवर धरला. वास सुटला, धूर निघाला, टोकाचे धागे पिंजल्यासारखे उभे राहिले. कार्बनचे धागे रेझिनमध्येच, म्हणजे तशाच कडक गोंदात, बांधलेले असतात. इपॉक्सी सोडवण्याइतकी आच दिली तर तेही सुटणार. असा शाफ्ट सुटताना फुटला तर चिरफाळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. मामा गप्प झाले.

एका एंडला, म्हणजे बाण सोडायच्या एका फेरीला, लागतात सहा बाण, आणि ते सगळे एकसारखे हवेत. उरलेल्या चारांचेही पॉइंट तसेच मोडल्यावर आमच्याकडे आठ तयार होते: सात पिसांचे, एक बिनपिसांचा. त्या बिनपिसांच्या बाणाला मुलीने तिथेच बसून पिसं चिकटवली. चार इपॉक्सीवाले मी वेगळ्या नळीत घातले आणि वर टेप लावला, घाईत मिसळू नयेत म्हणून.

निघताना मामांनी विचारलं, "यांचं मग काय करायचं?"

"पाच मीटरवर बट लावा, फॉर्मच्या, म्हणजे उभं राहण्या-ओढण्याच्या ढबीच्या, सरावाला वापरा. आणि ती इपॉक्सीची ट्यूब तिच्या किटमधून काढून घ्या."

"ती घरी आहे," मुलगी म्हणाली, "मिक्सरच्या मागे."