रश्श्यात चीज केव्हा घालायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. आमच्याकडे इथियोपियन जेवण जेवून गेलेली बहुतेक मंडळी घरी करून बघतात आणि मग विचारतात, "त्या लाल बीफच्या रश्श्यात चीज नेमकं केव्हा घालायचं? आमचा रस्सा फिका पडला आणि चीजचा चोथा झाला."

घालायचंच नाही. रश्श्याचं नाव सिगा वत, चीजचं नाव अयीब, आणि दोघांची गाठ पडते ती ताटात. इंजेराचा, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मऊ घावनासारख्या पोळीचा तुकडा तोडायचा, त्यात वत उचलायचं, वर चिमूटभर अयीब घेऊन घास तोंडात घालायचा. तिखट आणि गार चव एकदम लागली पाहिजे. उकळत्या रश्श्यात अयीब वितळत नाही, नुसते रवाळ कण होतात, आणि त्याचा गारवाही जातो.

नवऱ्याच्या विद्यापीठातल्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं इथियोपियात ताना सरोवराच्या काठी, बहिर दारला राहिलो. शेजारच्या आजी दही मडक्यात घुसळायच्या तेव्हा मी बघत बसायची. लोणी निघालं की ते एकीकडे, ताक दुसरीकडे. लोण्याचं नितिर किबे व्हायचं, म्हणजे मसाल्यांत कढवलेलं तूप, आणि ते वतमध्ये पडायचं. ताकाचं अयीब व्हायचं आणि ते शेजारी वाढलं जायचं. एकाच दुधाचे दोन भाग वेगळ्या वाटेने ताटात परत एकत्र येतात. म्हणूनच तयार चीज विकत आणून ही चव येत नाही. त्यात लोणी आधीच असतं, अयीब मात्र जवळजवळ बिनलोण्याचं.

करायला अयीब सोपं आहे. आपण कढी फुटू नये म्हणून ताकाला बेसन लावतो. इथे ताक फुटायलाच हवं. आंबटसर दह्याचं, पाणी न घालता घुसळलेलं ताक अगदी मंद आचेवर ठेवा. उकळू देऊ नका आणि सारखं ढवळू नका. दही वर गोळा होऊन खाली हिरवट पाणी सुटलं की आच बंद करायची, पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मग मलमलीच्या फडक्यात बांधून टांगायचं. गरम असताना पिळलं तर घट्ट होतं. पनीरसारखी वडी पडता कामा नये, बोटांत मऊ भुगा राहिला पाहिजे. वाढताना थोडं मीठ पुरतं. तिकडे कोणी त्यात उकडून चिरलेली गोमेनची पालेभाजीही मिसळतात, तेही मला फार आवडतं.

आता नितिर किबे. लोणी वितळलं की त्यात थोडा कांदा, लसूण, आलं, मेथी, हळद आणि कोरेरिमा, म्हणजे तिकडची रानवेलची. शिवाय बेसोबेला आणि कोसेरेत ही दोन सुगंधी पानं. कोरेरिमाऐवजी इथे मी हिरवी वेलची आणि एखादी मसाला वेलची घेते. पानं मिळाली नाहीत तर सोडून द्या. आपण तूप कढवताना बेरी लालसर होऊ देतो, ती इथे होऊ द्यायची नाही. पाणी आटलं, तूप नितळ दिसलं की गाळायचं.

पण सगळ्यात जास्त जीव ओता तो कांद्यात. किलोभर मांसाला जवळपास किलोभर लाल कांदा, जमेल तितका बारीक चिरलेला. तो कोरड्या जाड बुडाच्या भांड्यात घालायचा, तेल-तूप काही नाही. चिकटू लागला की चमचाभर पाणी. पाऊण तास तरी लागतो. कांदा विरघळून लगदा झाला पाहिजे, पण तळल्यासारखा करपता कामा नये. रश्श्याला दाटपणा येतो तो एवढ्यानेच, त्यात खोबरं नाही, दाणे नाहीत, पीठ नाही. मग चार-पाच मोठे चमचे नितिर किबे आणि तेवढंच बेरबेरे घालून पुन्हा पंधरा-वीस मिनिटं परता, मिरचीचा कच्चा वास जाईपर्यंत. बेरबेरेत सुक्या लाल मिरचीबरोबर लसूण, आलं, मेथी, ओवा, कोरेरिमा असं बरंच काही कुटून वाळवलेलं असतं. आमच्या वसईचा बॉटल मसाला त्याऐवजी चालेल का, असंही विचारतात. नाही चालणार. त्यात तीळ, खसखस असते, चव पार वेगळीकडे जाते. मिरचीचं तिखट सोसत नसेल तर बेडगी घेऊन बेरबेरे घरीच करा.

त्यानंतर लसूण-आलं, मग मांसाचे लहान तुकडे, आणि लागेल तसं गरम पाणी. तिथे गाई-बैलांचं मांस असतं. महाराष्ट्रात 2015 च्या कायद्यानंतर ते नाही, म्हणून मी म्हशीचं वापरते. त्याला वेळ जास्त लागतो, दोन तास धरून चाला. कुकर लावू नका. रस्सा पातळ राहतो आणि तूप वर तरंगत नाही. उतरवताना चिमूटभर मेकेलेशा, म्हणजे मिरी, लवंग, वेलची वगैरेंची पूड.

इंजेरा मुळात टेफ नावाच्या बारीक धान्याची, पण त्याचं पीठ इथे सहज मिळत नाही. तिकडे ज्वारीची, नाचणीचीही इंजेरा करतात, तेव्हा ज्वारीचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलीत तरी ती परकी नाही.

एक सांगायचं राहिलं. कोणी इथियोपियन ओळखीचे जेवायला येणार असतील तर वार बघा. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी मांस, दूध, लोणी, अंडी काहीच घेत नाहीत, आणि फासिकाच्या, म्हणजे त्यांच्या ईस्टरच्या आधी तर सलग 55 दिवस. आमच्या वसईतल्या उपवासकाळापेक्षा हे किती तरी कडक. त्या दिवसांत सिगा वत आणि अयीब दोन्ही वर्ज्य, त्यामुळे फासिकाला ताटात दोन्ही दिसली की घरातल्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. उपवासाच्या दिवशी पाहुणे आलेच तर मसुराचं मिसिर वत करा. कांदा तसाच परतायचा, बेरबेरे तेच, फक्त तुपाऐवजी तेल.